धानातली काच

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी काय केलं आणि काय केलं नाही याचं कोणाला नवल वाटायला नको. गोंडपिपरीत माझा फोटो स्टुडिओ आहे, वडिलांकडून आलेला. पोलीस भरतीचे, शाळेच्या फॉर्मचे, पेन्शनच्या कागदांचे फोटो मी काढते आणि लग्नसराईत मांडवात घाम पुसत उभी राहते. कुकरची शिटी होणार हे माहीत असूनही मी दचकते. वडिलांना याची फार गंमत वाटायची, कारण फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीत मात्र मी लहानपणापासून एकटी बसायचे. तिथे लाल दिवा, पाणी आणि घड्याळ, एवढंच. माझी भीती नेहमी बाहेर, उजेडात असायची, आणि ही गोष्टही सगळी उजेडातलीच आहे.

काही वर्षांपूर्वी, मोहाची फुलं गळायला लागायच्या थोडं आधी, एक म्हातारा गोंड शेतकरी दुकानात आला. काखेत तेलाचा पत्र्याचा डबा. त्याचं गाव तासाभराच्या वाटेवर, जंगलाला अगदी लागून. डब्याचं झाकण उघडलं तर आत धान. मला वाटलं, भाऊ गिरणी समजून माझ्याकडे शिरला. तसं मी म्हणणार, तेवढ्यात त्यानं धानात कोपरापर्यंत हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेली एक काच बाहेर काढली. वहीच्या पानाएवढी, एक कोपरा टवका उडालेला.

मी ती उजेडाकडे धरली आणि मला घाम फुटला. वडिलांनी सांगितलेल्या, पण मी कधी हातात न घेतलेल्या काचेच्या निगेटिव्हपैकी ती होती. फिल्म निघायच्या आधी फोटो असेच काचेवर काढत. आकाश काळं, झाडं पांढरी. मधे तीन मोठ्या शिळा उभ्या आणि त्यांच्यावर छपरासारखी एक आडवी. बाजूला कुऱ्हाड खांद्यावर घेतलेला एक माणूस, तोंड काळं आणि डोळे पांढरे. त्याच्या मागे दुसरा कोणी असावा, पण त्याचे फक्त पाय होते. पायांच्या वर नुसता धूर.

भाऊनं सांगितलं ते असं. इंग्रजांच्या वेळी एक साहेब त्यांच्या रानात आला होता. त्याच्या काचांची पेटी भाऊच्या आज्यानं डोक्यावर वाहिली. साहेबानं शिळांचा फोटो काढताना आज्याला शेजारी उभं केलं, शिळा किती उंच ते कळावं म्हणून. मोजायच्या काठीसारखा. आणि बजावलं, हलशील तर पुसला जाशील. आजा श्वास रोखून उभा राहिला. मागचा हलला, तो पुसला गेला. पुढे काचेचा कोपरा फुटला म्हणून साहेबानं ती टाकून दिली, आज्यानं उचलून घरी आणली. तेव्हापासून ती धान साठवायच्या ढोलीत होती, कारण धानात पुरलेली काच फुटत नाही. घरातल्या कोणी तिचा कागदावर उतरलेला फोटो कधी पाहिलेला नव्हता. आजा त्यांना काळ्या तोंडाचाच माहीत होता.

"हे फोटू काढून दे बाई," तो म्हणाला. "आमचे गोटे वाचवाचे आहेत."

त्या शिळांच्या टेकडीवर गिट्टीच्या खदानीसाठी कोणीतरी अर्ज केला होता. शिळा फार जुन्या, लोखंड नुकतं माणसाच्या हाती आलं त्या काळातल्या, असं पुरातत्त्वचे साहेब पाहून सांगून गेले होते. पण खदानवाल्याचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते हुशारीचं होतं. या गावात कोणी मेलं की त्याच्या नावानं गोटा उभा करतात. आजही करतात. त्या तीन शिळांच्या भोवती असे गुडघ्याएवढे, कमरेएवढे पुष्कळ गोटे होते. मग मोठ्या शिळाही गावकऱ्यांनीच परवा-तेरवा उभ्या केल्या नसतील कशावरून? जी रीत गावानं इतकी सांभाळली, तीच आता त्यांच्यावर उलटली होती. शिळा इंग्रज साहेबाच्या वेळीही तिथेच होत्या याला पुरावा हवा होता, आणि तो या डब्यात होता. सरकारी लोक जागा बघायला येणार होते, त्या पाहणीला थोडेच दिवस उरले होते, आणि मीही तिथे यावं असं भाऊचं म्हणणं होतं.

जाता जाता भाऊनं आणखी एक सांगितलं, माझ्याकडे न बघता. त्या गोट्यांमधला सगळ्यात नवा गोटा त्याच्या बायकोचा होता. दोन पावसाळे झाले होते. खदान आली तर सुरुंगात तोही जाईल, एवढंच तो म्हणाला आणि काच डब्यासकट माझ्या हवाली करून निघून गेला.

त्या दिवसापासून माझं जेवणात लक्ष लागेना. काच मी घरातल्या तांदळाच्या पिंपात पुरून ठेवली, त्याच्याच पद्धतीनं. तिच्या एका बाजूला चित्राचा मसाला होता आणि धानाच्या ओलीनं तो कडेनं पापुद्र्यासारखा सुटला होता. नुसता श्वास लागला तरी हलायचा. दवाखान्यातून एक्स-रे बघायचा दिव्याचा डबा मी उसना आणला, वर कॅमेरा उलटा टांगला. काच डब्यावर ठेवायची वेळ आली तेव्हा मी ती तीनदा मागे घेतली. मसाल्याची बाजू खाली टेकवली तर घासून जाईल, आज्याचं तोंडच निघून येईल, या भीतीनं मी ती बाजू वर ठेवली, कॅमेऱ्याकडे. फोटो घेतला. कॉम्प्युटरवर काळ्याचं पांढरं केलं आणि आजा पहिल्यांदा माणसासारखा दिसला. विशीतला पोरगा होता. मी रडले, आणि मग पुन्हा घाबरले, कारण आता तो खरा झाला होता.

मोठा प्रिंट काढून मी पुरातत्त्वच्या कचेरीत पोचवला. दोनच दिवसांनी फोन आला. माणूस गोड बोलत होता. "ताई, दुकान बढिया चालून राह्यलं ना? समोर काच लावली म्हणे नवी. सांभाळून." एवढंच. शिवी नाही, धमकी नाही. मी शटर अर्धं ओढून काउंटरच्या मागे खाली बसले आणि गिऱ्हाईक हाक मारत होतं तरी उठले नाही. त्या आठवड्यात दुकानापुढे कुठलीही मोटारसायकल थांबली की मी मागच्या खोलीत शिरायचे. भाऊला निरोप पाठवावा की पाहणीला मी येत नाही, असं रोज ठरवायचे. तो निरोप मी पाठवला नाही, यात शौर्य काही नव्हतं. नाही म्हणायचीही मला भीती वाटत होती.

पाहणीच्या दिवशी सकाळी उन्हं वर आल्यावर मी पोचले. मोह जोरात गळत होता. एरवी या दिवसांत बाया टोपल्या घेऊन रानात असतात, पण त्या गावात त्या अंगणातच बसून होत्या. आठ दिवसांपूर्वी टेकडीच्या पायथ्याच्या घाणेरीच्या झुडपात पिल्लांची वाघीण दिसली होती. आम्ही शिळांकडे निघालो ते घोळक्यानं, पुढे-मागे काठ्या घेतलेले लोक आणि एक जण सतत डबा वाजवणारा. भाऊनं काच पुन्हा धानाच्या डब्यात घालून आणायला सांगितली होती, तो डबा मी पोटाशी धरला होता. पायाखाली पानं वाजली की मी बाजूच्या बाईचा दंड पकडायचे. तिनं शेवटपर्यंत सोडवून घेतला नाही, हे तिचे उपकार.

शिळा मी पहिल्यांदाच पाहत होते. माणसापेक्षा उंच, राखेच्या रंगाच्या, आणि त्यांच्या खाली इतकी गार सावली की मला तिथे जावंसं वाटेना. भोवती छोटे गोटे. एका गोट्याला ताजी हळद लावलेली होती, तो कोणाचा हे मी विचारलं नाही. पुरातत्त्वचे साहेब आले होते, महसूलचा एक जण होता, आणि गाडीच्या सावलीत उभा राहून पाणी पीत होता तो खदानवाला. माझ्याकडे बघून तो "नमस्कार ताई" म्हणाला. फोनवरचा आवाज मी ओळखला.

साहेबांनी प्रिंट काढून समोर धरला. शिळांभोवती फिरले. पुढे आले, मागे गेले, पुन्हा प्रिंटकडे बघितलं. प्रिंटमध्ये टेकडीचा उभा कडा शिळांच्या डाव्या हाताला होता आणि उजवीकडे उतार. इथे कडा उजव्या हाताला होता. पलीकडून बघावं तर मागे टेकडीच नाही, धानाच्या बांध्यांची सपाट जमीन. आडवी शिळा फोटोत एका बाजूला कललेली होती, इथे दुसऱ्या. साहेब चांगले होते, त्यांना ते जुळायला हवं होतं, ते तोंडावर दिसत होतं. शेवटी त्यांनी प्रिंट खाली केला.

"ही जागा ती नाही, मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले. "अशा शिळा या भागात आणखीही आहेत. फोटो दुसरीकडचा आहे."

खदानवाल्यानं बाटलीचं झाकण लावलं. महसूलचा माणूस कागदावर लिहायला लागला. मला आधी काय वाटलं ते खरं सांगते. मला सुटल्यासारखं वाटलं. संपलं, आता घरी जायचं, आता फोन येणार नाही. मग मी भाऊकडे बघितलं.

तो प्रिंट हातात घेऊन उभा होता. आजवर त्यानं तो पाहिलेलाच नव्हता, मी तो थेट कचेरीत दिला होता. तो शिळांकडे बघत नव्हता, टेकडीकडेही नाही. माणसाकडे बघत होता. बराच वेळ बघून त्यानं प्रिंट माझ्यापुढे धरला आणि फक्त मला ऐकू येईल असं बोलला.

"हा माहा आजा नाई, बाई. माहा आजा डावखुरा नोता."

फोटोतल्या माणसाची कुऱ्हाड डाव्या खांद्यावर होती. भाऊच्या घरात अजून आज्याचा विळा होता, उजव्या हाताचा, मुठीजवळ त्याच्या अंगठ्यानं झिजलेला. त्याला एवढंच कळलं होतं की तीन पिढ्या ढोलीत सांभाळलेला माणूस आपला नव्हताच. त्याच्या तोंडावर जे होतं ते मी त्याआधी फक्त मयत झालेल्या घरात पाहिलं होतं.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात वडिलांचा आवाज आला. मसाल्याच्या बाजूनं बघशील तर डावं ते उजवं होईल. मी दहा-बारा वर्षांची असताना त्यांनी हे मला शंभरदा घोकून घेतलं होतं. घासून जाईल या भीतीनं मी काच उलटी ठेवली होती, आणि नंतर चित्र पलटायचं साफ विसरले होते. शिळा उलट्या, टेकडी उलटी, आजा डावखुरा. सगळं माझ्या हातानं झालं होतं.

साहेब गाडीकडे चालायला लागले होते. एवढ्या लोकांत, त्या माणसासमोर, माझी चूक झाली असं म्हणायचं होतं. मी दोनदा "साहेब" म्हटलं आणि दोन्हीदा कोणालाच ऐकू गेलं नाही. शेवटी मी डबा वाजवणाऱ्याच्या हातातली काठी घेतली आणि त्याच्या डब्यावर मारली. सगळे वळले. मी म्हटलं, फोटो इथलाच आहे, मी उलटा छापला.

खदानवाला हसला. म्हणाला, आता जुळत नाही म्हटल्यावर बाई उलटं करतात, उद्या आडवं करतील. त्याचंही बरोबरच होतं, कोणीही तसंच म्हणालं असतं. मी धानातून काच काढली. मसाला मागे, काच डोळ्यांकडे, अशी ती आकाशापुढे धरली आणि साहेबांना यातून बघा म्हटलं. कडा उजवीकडे गेला होता. शिळेचा कल जुळला होता. पण काचेत टेकडी लहान दिसत होती आणि शिळा दूर. ज्यानं फोटो काढला तो इथे उभा नव्हता, आणखी मागे होता. मागे घाणेरीची झुडपं होती.

तिथे जायला कोणी तयार नव्हतं, आणि का असावं? मी तर नव्हतेच. पण काच दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची मला वाघिणीपेक्षा जास्त भीती वाटत होती, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. भाऊ पुढे झाला, डबेवाला डबा बडवत त्याच्या मागे, मग साहेब, मग मी. झुडपात हवा हलत नव्हती. एक उग्र वास होता, ओल्या चामड्यासारखा, तो कशाचा हे कोणी बोललं नाही. डबा थांबला की मला माझा श्वास ऐकू यायचा. काट्यांनी पदर धरला तेव्हा मला वाटलं, झालं. मी काच वर धरून पाऊल पाऊल मागे सरकत होते आणि साहेब माझ्या खांद्यावरून तिच्यातून बघत होते. आणखी मागे, म्हणाले. आणखी. मग एकदम म्हणाले, थांबा.

काचेतल्या कड्याच्या रेषेवर खरा कडा बसला. काचेतल्या तीन शिळांवर खऱ्या तीन शिळा बसल्या. आज्याचा डोळा पांढरा होता आणि त्याच्यातून पलीकडचं ऊन दिसत होतं. कुऱ्हाड उजव्या खांद्यावर होती. साहेबांनी खिशातून फोन काढून तिथूनच फोटो घेतला, दोनदा, तीनदा. भाऊला मी बोलावलं आणि बघायला सांगितलं. त्यानं बघितलं, मान हलवली, आणि डबा वाजवणाऱ्याला हळूच म्हणाला, "वाजवत राय ना बाबू, काऊन थांबला?"

पंचनाम्यात माझी चूक लिहिली गेली, खाली माझी सही आहे. खदानीचा अर्ज पुढे सरकला नाही. तो फोन पुन्हा आला नाही, तरी दुकानापुढे मोटारसायकल थांबली की मी आजही मान वर करून बघते. पावसाळा संपता संपता शिळा संरक्षित करण्याची पहिली नोटीस गावात चिकटली. मला वाटलं, एक तरी काम माझ्या हातून नीट झालं.

धान कापून झाल्यावर भाऊ पुन्हा दुकानात आला. या वेळी डबा नव्हता. त्यानं नोटिशीचा फोटो काढलेला मोबाईल माझ्यापुढे ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवून वाचायला सांगितलं. शेवटचा हुकूम निघाल्यावर त्या हद्दीत नव्यानं काहीही उभारता येणार नव्हतं. मी त्याला समजावलं की हे बांधकामासाठी आहे, घरं-दुकानांसाठी. त्यानं ऐकून घेतलं. गोटाही उभारावाच लागतो, म्हणाला, त्यानं साहेबांना विचारून घेतलं होतं. असलेल्या गोट्यांना कोणी हात लावणार नव्हतं. नवा मात्र चालणार नव्हता.

"ती तिथी आहे," तो म्हणाला. "मले मंग कुठी ठेवतीन?"

तो कधी चिडून बोलायचा नाही, तसा तेव्हाही बोलला नाही, आणि म्हणूनच मला ते सहन होईना. त्याचे गोटे वाचवायला मी वाघिणीच्या झुडपात उभी राहिले होते, आणि त्यात त्याची जागा गेली होती. तो म्हणाला, उद्या कॅमेरा घेऊन ये, एक फोटू काढाचा आहे.

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा बायकोच्या गोट्याशेजारी एक नवा गोटा उभा होता. कमरेएवढा, माती अजून ओली. गावातल्या कोणीही त्याला हात लावला नव्हता. जित्या माणसाचा गोटा उभा करत नाहीत, तसं केलं तर गोटा त्याला बोलावून घेतो, असं बाया मला वाटेतच सांगत होत्या आणि सांगताना खालच्या आवाजात बोलत होत्या. त्यानं बैल जुंपून तो एकट्यानं ओढत आणला होता. शेवटचा हुकूम निघायच्या आत हा गोटा इथे होता, याचा त्याला पुरावा हवा होता. साहेबाच्या काचेसारखा.

मला तो फोटो काढायचा नव्हता. माझं बोट दाबलं गेलं आणि उद्या त्याचं काही झालं तर, हा विचार जाईना. मी म्हटलं, भाऊ, नुसत्या गोट्याचा काढते, तुमी बाजूला व्हा. तो नाही म्हणाला. गोटा किती उंच ते कळलं पाहिजे ना.

तो गोट्याला लागून उभा राहिला. कुऱ्हाड डाव्या हातात होती ती त्यानं उजव्या खांद्यावर घेतली, माझ्याकडे बघून, म्हणजे पुढे कोणाची फसगत नको. मी कॅमेऱ्यातून बघितलं तर त्याची छाती हलत नव्हती.

"भाऊ, श्वास घ्या," मी म्हटलं. "या कॅमेऱ्यात हललं तरी माणूस पुसला जात नाही."

त्यानं उत्तर दिलं नाही. बोललं की हलणं आलं. मी बटण दाबलं, आणि पुन्हा एकदा दाबलं, आणि तो श्वास सोडीपर्यंत मीही माझा सोडला नाही.